कादंबरीचा आराखडा : आधीचा, मधला आणि नंतरचा

कादंबरी लिहायला घेतलेला माणूस साधारण चाळिसाव्या पानाच्या आसपास अडतो. सुरुवात झकास झालेली असते. वाडा आहे, वाड्यातली माणसं आहेत, त्यांची बोली कानात घुमते आहे, एखादं भांडणही रंगलेलं आहे. आणि मग लक्षात येतं की या माणसांनी उद्या काय करायचं हे आपल्याला ठाऊकच नाही. बऱ्याच वह्या याच पानावर मिटतात. ज्यांच्या मिटत नाहीत ते सल्ला शोधायला निघतात आणि त्यांना दोन उलट सल्ले मिळतात. एक म्हणतो, शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळं आधी ठरवा. दुसरा म्हणतो, पात्रांना मोकळं सोडा, तीच तुम्हाला नेतील.

दोन्ही पक्षांकडे मोठी नावं आहेत. पी. जी. वुडहाऊस यांच्या हलक्याफुलक्या, हवेत तरंगणाऱ्या कादंबऱ्यांमागे चारेकशे पानांची टिपणं असत. स्टीफन किंगनं 2000 साली आलेल्या आपल्या लेखनविषयक पुस्तकात कथानकावर आपला विश्वास नाही असं सरळ सांगून टाकलं. जॉर्ज आर. आर. मार्टिननं लेखकांची वास्तुरचनाकार आणि माळी अशी वाटणी केली आणि स्वतःला माळ्यांत बसवलं. (त्यांच्या प्रसिद्ध मालिकेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला. त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी सहावा आला नव्हता, हे वास्तुरचनाकारांच्या पथ्यावर पडलं.) आपल्याकडे 1963 ची ‘कोसला’ नेमाड्यांनी थोड्या दिवसांत एका झपाट्यात लिहिली, ही गोष्ट प्रत्येक नव्या लेखकाला कुणीतरी ऐकवतंच. ऐकणारा त्यातून ‘आराखडा नको’ एवढंच उचलतो. त्या झपाट्याच्या आधी किती वर्षांचं जगणं आणि वाचन साठलं होतं, याचा हिशेब कुणी करत नाही.

हा वादच मुळात नीट मांडलेला नाही, असं माझं मत आहे. लेखकांनी मुलाखतींत काय सांगितलं ते बाजूला ठेवून त्यांचे कच्चे कागद पाहिले, तर वेगळंच चित्र दिसतं. पण कागदांकडे वळण्याआधी कथानक शिकवण्याचा उद्योग कुठून आला ते पाहायला हवं, कारण निम्मा घोळ तिथला आहे.

कादंबरीच्या रचनेचं जवळजवळ सगळं शास्त्र नाटकाकडून उसनं आलेलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं कथानकाला शोकांतिकेचा प्राण म्हटलं ते रंगभूमी डोळ्यांसमोर ठेवून. चढण, शिखर आणि उतार असा जो त्रिकोण आज शाळेच्या फळ्यावर काढतात, तो गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकानं 1863 मध्ये पाच अंकी नाटकासाठी मांडला. सिड फील्डचं 1979 चं पुस्तक पटकथेचं आहे. ब्लेक स्नायडरनं 2005 मध्ये पटकथेचे 15 टप्पे दिले आणि 110 पानांच्या पटकथेत कोणता टप्पा कितव्या पानावर यावा हेही सांगितलं. पहिला धक्का बाराव्या पानावर, मध्यबिंदू पंचावन्नाव्या. सिनेमात पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट, आणि प्रेक्षक दोन तास एका खुर्चीत बसलेला असतो, म्हणून हा हिशेब तिथे चालतो. कादंबरीचा वाचक लोकलमध्ये दहा पानं वाचतो, पुस्तक चार दिवस उशाशी ठेवतो आणि रविवारी एकदम शंभर पानं संपवतो. त्याच्या बाबतीत ‘बारावं पान’ या आकड्याला काय अर्थ उरतो? तरीही हेच टप्पे टक्केवारीत बदलून कादंबरीकारांना शिकवले जातात. रहस्यकथा, थरारकथा, प्रेमकथा लिहिणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो, कारण तिथे वाचकाची अपेक्षाही ठरलेली असते. पण चांगलं लिहिणारा एखादा माणूस या टप्प्यांच्या तक्त्यात आपली गोष्ट कोंबायला लागला की ती गोष्ट याआधी वाचलेल्या पाच गोष्टींसारखी दिसू लागते.

नाटकाकडूनच घ्यायचं तर आपल्या घरचं शास्त्र जास्त कामाचं आहे, असं मला पुन्हा पुन्हा वाटत आलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आणि पुढे धनंजयाच्या दशरूपकात कथावस्तूचा विचार अवस्था, संधी आणि अर्थप्रकृती अशा तीन अंगांनी होतो. पाच अवस्था आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यातली प्रत्येक अवस्था घटनेची नसून हव्यासाची आहे. कुणाला तरी काहीतरी हवं आहे, त्यासाठी तो खटपट करतो, मिळेलसं वाटू लागतं, अडथळा सरतो, मिळतं. म्हणजे कथानकाची मोजदाद माणसाच्या इच्छेपासून सुरू होते. पाच संधींपैकी गर्भसंधी तर फार बारकाईनं पाहिलेला आहे : दिसलेलं कथेचं बीज पुन्हा हरवतं आणि त्याचा शोध पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. कादंबरीचा मधला भाग का सुस्तावतो, याचं उत्तर इथे आहे. लेखक बीज एकदा दाखवतो आणि हरवायला विसरतो.

अर्थप्रकृतींमधल्या, म्हणजे कथावस्तूच्या घटकांमधल्या, तीन संज्ञा तर उद्या कार्यशाळेत वापरता येतील अशा आहेत. ‘बिंदू’ म्हणजे मध्येच तुटलेला धागा पुन्हा जोडून देणारा प्रसंग. ‘पताका’ म्हणजे मूळ कथेबरोबर लांबवर चालणारं उपकथानक, आणि रामकथेतला सुग्रीव हे त्याचं परंपरेनं दिलेलं उदाहरण. ‘प्रकरी’ म्हणजे येऊन जाणारा छोटा प्रसंग. शबरीची भेट मी त्यात धरीन. लांबलेल्या हस्तलिखितांत नेहमी दिसणारा दोष असा, की लेखकाला प्रकरी आवडली म्हणून त्यानं तिची पताका केली. मामेभावाच्या लग्नाची साठ पानं होतात, आणि त्या लग्नावाचून मूळ गोष्टीचं काही अडत नसतं.

मराठीत कादंबरीचं तंत्र शिकवता येतं असं छातीठोकपणे सांगणारे पहिले मोठे लेखक ना. सी. फडके. त्यांचं ‘प्रतिभासाधन’ 1931 चं. गुंतागुंत, उत्कंठा, उकल हा सगळा संसार त्यांनी मराठी वाचकापुढे मांडला आणि स्वतः सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहून वापरूनही दाखवला. पुढे साठच्या दशकातल्या पिढीनं फडक्यांवर जी आग पाखडली, तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘तंत्र’ हा शब्दच शिवीसारखा झाला. गुळगुळीत, बेतलेल्या, टेनिस खेळणाऱ्या नायकांच्या कादंबऱ्यांना तो विरोध योग्यच होता. पण त्या रागात कथानकाबद्दल बोलायची भाषाच आपण टाकून दिली. आजही मराठीत कादंबरीवरची चर्चा आशय, भूमी, शोषण आणि भाषा यांवर तासभर चालते, आणि सातव्या प्रकरणात गोष्ट का थबकली हे कुणी विचारत नाही.

तंत्राची चर्चा नव्हती म्हणून रचना नव्हती असं मात्र नाही. मराठी कादंबरीकारांनी काही तयार सांगाडे वापरले आणि ते ओळखणं हाच शिकण्याचा एक चांगला रस्ता आहे. पहिला सांगाडा आयुष्याचा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूनं सांगितलेली स्वतःची हकिकत आहे, तर ‘कोसला’ ही पांडुरंग सांगवीकरची. ‘मी’ बोलू लागला की घटनांचा क्रम फुकट मिळतो आणि आठवणीला आडवळणं घ्यायची मुभा असते. हरिभाऊंना तर दुसरा इलाजही नव्हता. 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केल्यावर त्यांच्या कादंबऱ्या आठवड्याच्या हप्त्यांनी छापल्या जात आणि हाती सगळं हस्तलिखित तयार असण्याची चैन नव्हती. पसरटपणा आला, काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, तरी यमूच्या हकिकतीला आयुष्यक्रमानंच तोलून धरलं.

दुसरा सांगाडा वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचा. कर्णाचं शेवटी काय होतं हे पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मग 1967 च्या ‘मृत्युंजय’मध्ये शिवाजी सावंतांनी नियोजन कशाचं केलं? बोलणाऱ्यांचं. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आळीपाळीनं सांगतात, आणि कोणता प्रसंग कुणाच्या तोंडून यायचा हाच आराखडा होतो. खांडेकरांनी ‘ययाति’त हेच ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यात वाटलं. विश्वास पाटलांच्या 1988 च्या ‘पानिपत’मध्ये अडचण आणखी मोठी होती. 14 जानेवारी 1761 चा निकाल शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरी वाचक पुढे वाचत राहतो, कारण प्रत्येक मुक्कामावर ‘इथून परत फिरता आलं असतं’ असं त्याला वाटत राहतं. फलागमाची आशा जागवायची आणि फळ द्यायचं नाही, अशी ती रचना आहे.

तिसरा सांगाडा वेळेच्या चौकटीचा, आणि नवशिक्यासाठी तो मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ला नववीच्या वर्षाची चौकट आहे. वर्ष सुरू झालं की संपणारच. परीक्षा, सुट्ट्या, निकाल हे थांबे लेखकाला शोधावे लागत नाहीत. गळिताचा हंगाम, गरोदरपणाचे नऊ महिने, सरपंचपदाची निवडणूक, वारीचा रस्ता : अशी चौकट सापडली की चाळिसाव्या पानाची भीती बरीच कमी होते. विल्यम फॉकनरनं 1954 च्या आपल्या एका कादंबरीचा आराखडा मिसिसिपीतल्या घरी खोलीच्या भिंतीवरच लिहून ठेवला आणि तो आठवड्याच्या वारांनुसार आहे. ती भिंत आजही पाहायला मिळते.

आता कच्चे कागद. त्यांतले सर्वांत शिकवणारे मला चार्ल्स डिकन्सचे वाटतात. त्याच्या बऱ्याच कादंबऱ्या महिन्याला 32 पानांच्या हप्त्यानं येत, आणि 1846 च्या ‘डॉम्बी अँड सन’पासून तो प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद नियमानं करू लागला. उजव्या बाजूला प्रकरणांची नावं आणि मजकूर. डाव्या बाजूला स्वतःशीच चाललेलं बोलणं : एखाद्या पात्राचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतक्यात नको’ अशा अर्थाची नोंद. हा आराखडा संपूर्ण कादंबरीचा नाही. तो पुढच्या महिन्याचा आहे आणि घटनांपेक्षा प्रश्नांनी भरलेला आहे. काय राखून ठेवायचं हे ठरवण्यासाठी तो कागद आहे.

झोलाची पद्धत दिसायला अगदी उलट. वीस कादंबऱ्यांची मालिका, आधी काढलेली वंशावळ, प्रत्येक पुस्तकासाठी जाडजूड बाड. ही बाडं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण त्यातला पहिला मसुदा वाचला तर तिथेही तो स्वतःशी वाद घालताना दिसतो : मला हे हवंय, पण मग हे जमणार नाही, त्यापेक्षा असं केलं तर? ‘जर्मिनाल’साठी तो फेब्रुवारी 1884 मध्ये संप चालू असलेल्या खाणींच्या भागात जाऊन आला, खाणीत उतरला आणि त्या पाहणीनं गोष्टीतले प्रसंग बदलले. नियोजनात क्षेत्रपाहणी येते, हे टप्प्यांच्या तक्त्यांत कुठेच नसतं.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 73 वह्या उरल्या आहेत आणि जॉन करन यांनी 2009 मध्ये त्यांवर पुस्तक काढलं. जिच्या रहस्यकथा घड्याळासारख्या चालतात, तिच्या वह्या पसाऱ्याच्या आहेत. अ, ब, क असे पर्याय, खुनी कोण याचेही पर्याय, मध्येच घरगुती याद्या. दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’च्या टिपणवह्यांत नायक सुरुवातीला गर्विष्ठ आणि हिंसक आहे. 1867 च्या अखेरीस त्यानं ते सगळं टाकलं आणि जानेवारी 1868 पासून हप्ते सुरू झाले ते सौम्य मिश्किनचे. तोल्स्तोयचा किस्सा तर मासलेवाईक. त्याला 1856 मध्ये सैबेरियातून परतलेल्या एका बंडखोरावर लिहायचं होतं. त्याचं बंड समजावं म्हणून तो 1825 कडे गेला, बंडामागची जवानी समजावी म्हणून 1812 कडे, आणि त्या विजयाआधीची नामुष्की दाखवायची म्हणून 1805 कडे. ‘युद्ध आणि शांती’ तिथून सुरू होते, आणि मूळ योजलेली कादंबरी पुरी व्हायची राहूनच गेली.

या कागदांवरून मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. चांगला आराखडा म्हणजे घटनांची यादी नव्हे. उघडे ठेवलेले प्रश्न आणि त्यांवर घेतलेले तात्पुरते निर्णय यांची ती नोंद असते, आणि ती लिहिण्याच्या आधी संपत नाही. वास्तुरचनाकार आणि माळी यांच्यातला फरक मग एवढाच उरतो, की एकानं हे प्रश्न कागदावर सोडवले आणि दुसऱ्यानं तीनशे पानं लिहून.

घटनांची यादी आणि कथानक यांतला फरक एका कल्पित उदाहरणानं पाहू. डोंबिवलीतली जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई सही देत नाहीत. सभा होते. मग बिल्डरचा माणूस पेढे घेऊन येतो. मग अमेरिकेतल्या मुलाचा फोन येतो. मग बाई सही करतात. यात ‘मग’ शिवाय काही नाही. प्रसंग पुढेमागे केले तरी काही बिघडत नाही, आणि हीच कथानक नसल्याची खूण.

आता ‘म्हणून’ आणि ‘तरी’ घालून पाहू. मुलानं या नव्या फ्लॅटच्या भरवशावर तिकडे घर घेतलं आहे, म्हणून तो फोनवर पहिल्यांदाच आवाज चढवतो. म्हणून बाई सभेत जायचं टाळतात आणि नवऱ्याचे कागद काढून बसतात. त्यात नॉमिनी म्हणून आपलं नाव नाही, दिराचं आहे, हे त्यांना कळतं. म्हणून त्या, इतके दिवस सही न देणाऱ्या, आता सही करायची घाई करू लागतात, तरी सेक्रेटरी सही घेत नाही कारण त्यालाही नॉमिनीचं नाव ठाऊक आहे. इथे एकही प्रसंग हलवता येत नाही. शिवाय वाचक पुढे वाचतो तो केवळ सहीसाठी नाही. नवऱ्यानं असं का केलं असेल, हा प्रश्न त्याला आता सोडत नाही. म्हणजे मागचा काळ आपोआप गोष्टीत ओढला गेला. नवशिके लेखक पूर्वेतिहास पहिल्या तीस पानांत ओतून मोकळे होतात. तो कागदपत्रांच्या पिशवीतून बाहेर येऊ द्यावा.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट माहितीच्या वाटपाची आहे : कोणाला काय, कधी कळतं. वामन मल्हारांची ‘इंदु काळे व सरला भोळे’ ही पत्रांची कादंबरी या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखी आहे, कारण प्रत्येक पत्र एकाला सांगतं आणि बाकीच्यांपासून लपवतं. जोसेफ हेलरनं ‘कॅच-22’ साठी मोठा तक्ता केला होता, त्यात आडव्या-उभ्या रकान्यांत काळ आणि पात्रं मांडली होती. रोलिंगनं हॅरी पॉटरच्या पाचव्या भागासाठी हातानं आखलेल्या कागदात उपकथानकांना वेगवेगळे रकाने दिले. रकाना रिकामा पडला की ती माणसं किती प्रकरणं गायब आहेत हे दिसतं. कागदाचा हा उपयोग साधा आहे आणि दिवसभर नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या माणसासाठी तर अमोल, कारण पंधरा दिवसांच्या खंडानंतर गोष्ट कुठे ठेवली होती हे तो सांगतो.

हे सगळं शिकवतं कोण? अमेरिकेत आयोवाची लेखन-कार्यशाळा 1936 पासून आहे. पण वर्गात वीस पानं आणून त्यांवर बोलायची ही पद्धत कथेला मानवते, कादंबरीला नाही. चारशे पानांचा तोल वीस पानांत दिसत नाही. आपल्याकडच्या कार्यशाळाही बहुतेक कथेच्याच, आणि दिवाळी अंकांचा साचा दीर्घकथेशी थांबतो. महिन्याभरात 50,000 शब्द लिहायचा अमेरिकेतला नोव्हेंबरचा उपक्रम 1999 मध्ये 21 जणांनी सुरू केला, जगभर पसरला आणि 2025 मध्ये तो चालवणारी संस्था बंद झाली. त्यानं लोकांना वेग दिला, रचना शिकवली नाही. आता तर संगणकाला सांगितलं की तीस प्रकरणांचा घटनाक्रम मिनिटात हातात येतो. अवघड काम घटना सुचण्याचं नव्हतंच, हे त्यामुळे उघड झालं एवढाच त्याचा मला दिसलेला लाभ.

मराठीत रचनेचं खरं शिक्षण बराच काळ संपादकांच्या टेबलावर झालं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’कडे आलेलं लेखन ज्या बारकाईनं तपासत, त्याबद्दल त्या पिढीच्या लेखकांनी भरपूर लिहिलं आहे. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झालं. आज बहुतेक प्रकाशनांत हस्तलिखित शुद्धलेखनाला जातं, रचनेसाठी वाचायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे हे काम लेखकावरच येतं, आणि ते पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर करायचं आहे.

पद्धत साधी आहे. खर्डा महिनाभर बाजूला ठेवायचा. मग पानं न सुधारता वाचायचा आणि प्रत्येक प्रकरणाला एकच ओळ द्यायची. चार रकाने पुरतात : या प्रकरणात कुणाला काय हवं आहे, शेवटी काय बदललं, वाचकाला नवीन काय कळलं, आणि हे प्रकरण आधीच्या कोणत्या प्रकरणामुळे घडलं. चौथा रकाना भरताना बनवाबनवी करता येत नाही. तिथे सलग तीन प्रकरणांपुढे काहीच लिहिता आलं नाही, तर ती प्रकरणं काढून उरलेलं सलग वाचून पाहावं. शेवटही याच तक्त्यावर तपासता येतो. डिकन्सनं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट 1861 मध्ये मुद्रितं आल्यावर एका मित्राच्या सल्ल्यानं बदलला, आणि कोणता शेवट आधीच्या प्रकरणांतून निघतो यावर समीक्षक अजून भांडतात. माझं मत पहिल्या, कोरड्या शेवटाच्या बाजूनं आहे.